पावतीवर जन्मतारीख लिहून देणारं दुकान

एखादी वस्तू घेतली की लोक आठ-दहा दिवसांत अभिप्राय लिहितात. मला ३ वर्षं ९ महिने लागले. या पाळीव प्राण्यांच्या दुकानात मला जर्बिलच्या, म्हणजे उंदरासारख्या एका छोट्या प्राण्याच्या, आयुष्याबद्दल जे सांगितलं गेलं ते खरं ठरतं की नाही, हे कळायला तेवढा काळ जावाच लागणार होता.

दुकान बडोद्यात आहे, रावपुऱ्याच्या मुख्य रस्त्यावरून आत गेलेल्या एका गल्लीत. पुढच्या बाजूला माशांच्या टाक्या, मागच्या खोलीत जर्बिल, हॅमस्टर आणि गिनीपिग. नाव देत नाही, कारण दुकानाच्या भाईंनीच तसं सांगितलं. त्यांच्याकडे वर्षातून दोन-तीन वेळाच जर्बिलची पिल्लं होतात, आणि गर्दी झाली की माणसं घाई करतात, असं ते म्हणाले. शहरात तुम्ही शोधलंत तर सापडेल.

आधी हे सांगायला हवं की मी तिथे का गेले. २०२० च्या दिवाळीनंतर नातीसाठी आम्ही एक हॅमस्टर आणला होता, दुसऱ्याच एका दुकानातून. विकणाऱ्याने सांगितलं, "पाच-सहा वर्षं आरामात जगतो." ११ महिन्यांत तो गेला. नात तेव्हा सात वर्षांची. तिने मला विचारलं, "आजी, मी त्याला काय केलं?" आम्ही चौघं मोठी माणसं घरात, आणि कुणाकडेच उत्तर नव्हतं. गाजर जास्त दिलं का, पंख्याखाली ठेवला म्हणून का, शाळेच्या ऑनलाइन तासाला त्याला हातात घेऊन बसायची म्हणून का. पोरीने महिनाभर हेच मनात घोळवलं. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की हॅमस्टरचं आयुष्यच दोन ते तीन वर्षांचं, बुटक्या जातींचं तर दीड-दोन वर्षांचं. शिवाय आम्ही आणला तेव्हा तो केवढा होता हे आम्ही विचारलंच नव्हतं. कदाचित आमच्या घरी आला तेव्हाच तो दीड वर्षाचा असेल. ते पोर उगाच स्वतःला दोष देत राहिलं. मला याचा अजून राग येतो.

म्हणून २३ जानेवारी २०२२ ला, उत्तरायणाचे पतंग उतरल्यावरच्या दुसऱ्या रविवारी, या दुकानात शिरले तेव्हा मी पहिला प्रश्न किमतीचा विचारला नाही. "हा जर्बिल किती वर्षं जगतो?" असं विचारलं. भाईंनी हातातलं काम ठेवलं आणि म्हणाले, "मासी, पहेलां आ सांभळी लो," म्हणजे मावशी, आधी हे ऐकून घ्या. मग मला भिंतीवरच्या पाटीसमोर नेलं.

ती पाटी हे या दुकानाचं खरं वैशिष्ट्य. पांढऱ्या पत्र्यावर मार्करने गुजरातीत लिहिलेली. हॅमस्टर २ ते ३ वर्षं. जर्बिल ३ ते ४. गिनीपिग ५ ते ८. ससा ८ ते १२. गोल्डफिश, नीट ठेवला तर, १० आणि त्याहून जास्त. प्रत्येक ओळीच्या शेवटी किंमत. आधी आयुष्य, मग रुपये. शेजारी २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं होतं, आणि खाली एक ओळ: देशी पोपट मिळणार नाही, मागू नये. देशी पोपट विकणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी लोक विचारतात म्हणे.

मी म्हटलं, चार वर्षं म्हणजे थोडीच. ते म्हणाले, "थोडीच आहेत. पाच वर्षं जगलेलेही आहेत, पण ते मोजके. तुम्ही तीन धरून चला. तुमची नात आत्ता केवढी?" आठ, मी म्हटलं. "मग ती अकरा-बारा वर्षांची असताना हे जातील. ते चालणार असेल तर दाखवतो." विकायला बसलेला माणूस असं बोलतो हे मी पहिल्यांदा ऐकलं. नात शेजारीच उभी होती. तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "म्हणजे मी सातवीत असेन."

मी रेल्वेच्या प्रतापनगर ऑफिसात ३३ वर्षं हिशोबाचं काम केलं. तारीख आणि आकडा लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर हिशोब असा: दोन भाऊ, एकाच वीणीचे, १,४०० रुपये. काचेची टाकी, तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच, वर जाळीचं झाकण, २,२०० रुपये. पावतीवर त्यांनी लिहिलं: जन्म २८ नोव्हेंबर २०२१, दोन्ही नर. म्हणजे आमच्या हातात आले तेव्हा पुरते आठ आठवड्यांचे. ही जन्मतारीख मला पाटीइतकीच मोलाची वाटते. जनावर तीन-चार वर्षं जगतं हे सांगून काय उपयोग, जर त्यातलं किती आधीच सरलंय ते सांगितलं नाही?

एकटा जर्बिल ते देत नाहीत. मी आधी एकच मागितला होता. ते म्हणाले, हॅमस्टर एकटाच राहतो, दुसरा ठेवला तर मारामारी. हा उलटा, कुटुंबाने राहणारा. नर-मादीची जोडीही देत नाहीत. २४ ते २६ दिवसांत पिल्लं होतात आणि विणल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते, मग घरात दर महिन्याला पाच-सहा जीव. पिल्लू कसं उचलायचं ते त्यांनी नातीला शिकवलं: दोन्ही तळहात ओंजळीसारखे करायचे आणि त्याला स्वतःहून चढू द्यायचं. शेपटीला हात नाही. शेपूट धरून उचललं तर तिच्यावरची कातडी सालासारखी निघून येते आणि पुन्हा येत नाही. हॅमस्टर आणला त्या दुकानात उंदरांना शेपटीनेच उचलत होते, हे मला तेव्हा आठवलं.

काळसर होता तो तीळ, सोनेरी तपकिरी तो गूळ. संक्रांत नुकतीच झाली होती, नाव नातीनेच ठेवलं.

टाकीबद्दल. पिंजरा न घेता टाकी घ्या, हा त्यांचा सल्ला मी प्रत्येकाला देईन. जर्बिल मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या गवताळ, वाळवंटी मुलखातला. १८६६ मध्ये आर्मां दाव्हिद नावाच्या फ्रेंच पाद्र्याने तो उत्तर चीनमधून पॅरिसला पाठवला. अमेरिकेत १९५४ ला गेला तो प्रयोगशाळांसाठी, आणि तिथून पुढे लोकांच्या घरांत. तिकडे हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी, उन्हाळ्यात भाजणारं ऊन. जमिनीखालच्या बिळात दाणे साठवून तो दोन्हींतून निभावतो. त्याला खणायला मिळालं नाही तर तो कोपरा ओरबाडत बसतो, तासन् तास. आम्ही टाकीत दहा इंच भर घातली: कापलेला कोरा कागद, सुकं गवत, पुठ्ठ्याच्या नळ्या. तिसऱ्या दिवशी काचेतून बोगदे दिसायला लागले. एका बोगद्याच्या टोकाला बाजरीचं कोठार, एकाला झोपायची जागा. संध्याकाळी टीव्ही बंद करून आम्ही सगळे टाकीसमोर बसायचो. माझे यजमान, ज्यांना घरात उंदीर आणणं मुळीच पसंत नव्हतं, ते पेरूच्या झाडाच्या फांद्या छाटून, धुऊन, वाळवून आणायचे. जर्बिलचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, कुरतडायला काहीतरी कठीण लागतंच. अंगाचं तेल काढायला वाळूत लोळायचं असतं. त्यासाठी ओरसंग नदीची वाळू आणली, चाळली, धुतली आणि तव्यावर भाजून थंड करून वाडग्यात ठेवली.

आता तक्रारी. टाकीच्या झाकणाची जाळी पहिल्याच पावसाळ्यात गंजली. ती स्टेनलेस स्टीलची द्यायला हवी होती. मी नेऊन दाखवली तेव्हा बदलून दिली, पण ४०० रुपये घेतले. त्यांच्याकडचं तयार दाण्यांचं पाकीट मला पटलं नाही. त्यात सूर्यफुलाच्या बिया फार, आणि हे दोघं आधी त्याच वेचून खायचे, बाकीचं तसंच. भाई स्वतःच सांगतात की दिवसाला दोन-तीनच बिया द्या, तेल फार असतं, अंग सुटतं. मग विकता कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले कंपनीचं तसंच येतं. हे उत्तर मला आवडलं नाही. आम्ही घरीच बाजरी, ज्वारी, राळे, ओट आणि थोडं जवस मिसळून डबा भरला. सोबत काकडीची चकती, मेथीची दोन पानं, आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. पाण्याची बाटलीही गळायची. दुसरी घेतली ती नीट चालली. चाक मात्र त्यांनी योग्य दिलं, सलग पाठीचं. गजांच्या चाकात शेपूट अडकते.

मार्च २०२२ मध्ये तीळला पहिल्यांदा फिट आली. नातीने त्याला हॉलमध्ये नवीन टोपलीत ठेवलं होतं. तो एकदम थिजला, कान मागे, मिशा थरथरल्या, मग अंग आखडलं. नात किंचाळली. पण मला पाटीसमोरचं बोलणं आठवत होतं. भाईंनी सांगितलं होतं की काही जर्बिलांत हा दोष जन्मापासून असतो, नवी जागा किंवा दचकणं यांनी उठतो, आणि एक-दोन मिनिटांत ओसरतो. हलवू नका, अंधार करा, थांबा. आम्ही टोपलीवर पंचा टाकला. मी घड्याळ पाहिलं, ५० सेकंद. मग तो उठला, तोंड पुसलं आणि बी खायला लागला. ही एक गोष्ट आधी ठाऊक नसती तर त्या दिवशी आमच्या घरात काय झालं असतं, याची मला कल्पना करवत नाही. त्यानंतर नवरात्रात गरब्याचे लाउडस्पीकर सुरू झाले की टाकी आतल्या खोलीत जायची, आणि उत्तरायणाला तर दोन दिवस आधीच.

उन्हाळा हे बडोद्यातलं मोठं संकट. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. पहिल्या वर्षी मी खोलीत कूलर लावला. दोन दिवसांत दोघांचे केस ओले झाल्यासारखे चिकटून उभे राहिले. दुकानात फोन केला, भाई म्हणाले, "मासी, कूलर बंद करा. त्याला गरमीपेक्षा दमट हवा नडते." त्यांनी सांगितल्याप्रमाणे कोट्याच्या फरशीचे दोन तुकडे फ्रिजमध्ये गार करून आळीपाळीने टाकीत ठेवले. दुपारी खोलीचे पडदे बंद, एसी २६ वर. दोघं फरशीवर पोट टेकून पसरायचे. पावसाळ्यात भर वरचेवर बदलावी लागायची, नाहीतर कुबट वास यायचा.

दर रविवारी मी दोघांना स्वयंपाकाच्या काट्यावर तोलायची. वहीत आहे: आठवडा आठवा, तीळ ४४ ग्रॅम, गूळ ४७. वर्षाचे झाले तेव्हा ७९ आणि ८६. दोन वर्षांपर्यंत आकडे स्थिर. एप्रिल २०२४ पासून तीळचा आकडा उतरायला लागला: ७६, ७३, ६८. पाणी जास्त पिऊ लागला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकली आहेत, वयाने होतं. ९ जुलैला सकाळी तो बिळातच गेलेला होता आणि गूळ त्याच्या अंगाला अंग लावून बसला होता. २ वर्षं ७ महिने. नात तेव्हा साडेदहा वर्षांची. ती फार रडली. पण या वेळी तिने मला तो प्रश्न विचारला नाही. वही काढली, तारीख लिहिली, वजाबाकी केली आणि म्हणाली, "तीनला थोडे कमी पडले."

मी लगेच दुकानात गेले. गूळला सोबत हवी म्हणून दुसरा द्या, असं म्हटलं. भाईंनी दिला नाही. मोठा झालेला जर्बिल परक्याला सहजी जवळ करत नाही, रक्त निघेपर्यंत भांडतो. जाळीचा पडदा मध्ये घालून हळूहळू ओळख करून देता येते, पण अडीच वर्षांच्या म्हाताऱ्याला तो त्रास कशाला. "आणि तो गेला की लहान एकटा राहील, मग त्याला सोबत आणाल. हे संपणार नाही. तुम्हीच त्याच्यापाशी बसा." ७०० रुपयांची विक्री त्यांनी सोडली. आम्ही बसलो. दुपारी मी, संध्याकाळी नात, रात्री यजमान.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आलं. जन्माष्टमीच्या दिवसापासून नदी चढत गेली ती ३५ फुटांच्या वर. आमचं घर कारेलीबागेत तळमजल्यावर. पहाटे अंगणात पाणी दिसलं तेव्हा घरातल्या पाच जणांनी उचललेल्या पहिल्या वस्तू अशा: कागदपत्रांची पेटी, गॅसची शेगडी, आणि ती टाकी. भरीसकट टाकी दोघांना उचलवेना म्हणून शेजारच्या मुलाने तिसरा हात दिला. वरच्या मजल्यावरच्या बेनच्या घरी आम्ही तीन दिवस काढले, वीज नव्हती. गूळने सगळे बोगदे मोडलेले पाहिले आणि त्याच रात्री पुन्हा खणायला घेतले. अंधारात तो खरखर आवाज येत होता आणि आम्ही सगळे तो ऐकत पडलो होतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये गूळच्या पोटावरची गंधग्रंथी सुजली. नरांच्या पोटावर मधोमध एक पिवळसर, बिनकेसांची पट्टी असते, तिने तो वाटांवर वासाच्या खुणा ठेवतो. म्हातारपणी तिथे गाठ होणं नेहमीचं, हेही भाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: दोन वर्षांनंतर महिन्यातून एकदा पोट बघत जा. म्हणून गाठ मसुराएवढी असतानाच सापडली. डॉक्टरांनी भूल देऊन ती काढली, २,८०० रुपये. आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, काही अवघड निघालं तर तिकडे न्यायची तयारी मनाशी केली होती. वेळ आली नाही. दहा दिवसांत जखम भरली. तो आणखी आठ महिने जगला, आणि ते आठ महिने चांगले गेले. मग चाक काढून टाकलं, बाटली खाली आणली, ओट भिजवून द्यायला लागलो. खणणं कमी झालं. नातीच्या ओंजळीत येऊन झोपायचा.

२ नोव्हेंबर २०२५ ला, रविवारी, वजन करायला गेले तेव्हा तो उठला नाही. ३ वर्षं ११ महिने ५ दिवस. संध्याकाळी तुळशीचं लग्न होतं. सकाळीच नातीने पेरूच्या झाडाखाली खड्डा केला. ती आता सातवीत आहे.

पुढच्या आठवड्यात टाकी परत द्यायला आम्ही दोघी दुकानात गेलो. तिचे पैसे मी मागितले नाहीत, कुणा चांगल्या घरी द्या म्हटलं. भाईंनी पावती मागितली. मी वहीतून काढून दिली. त्यांनी कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं, २८ नोव्हेंबर २०२१ चं पान उघडलं. त्या वीणीत पाच पिल्लं होती. प्रत्येकापुढे रंग, नर की मादी, कुणाच्या घरी गेलं, आणि शेवटी एक रकाना. तीळच्या रकान्यात ९ जुलै मी दुसरा मागायला गेले तेव्हाच लिहिली गेली होती, हे मला माहीतच नव्हतं. पाटीवरचे ३ ते ४ त्यांनी पुस्तकातून घेतले होते, पण त्यांची पडताळणी गेली १४ वर्षं ते अशी करत आलेत. जो कळवतो त्याचं लिहितात.

गूळपुढे त्यांनी तारीख लिहिली. नातीने वाकून पान पाहिलं. पाचातल्या चार रकान्यांत तारखा होत्या. पाचवा कोरा. काळी मादी, मांजलपूर.

"ही आहे अजून?" तिने विचारलं.

भाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, आहे, एका डोळ्याने दिसत नाही, पण दाणे साठवते. रविवारी आम्ही बघायला जाणार आहोत. घरचे राळे नेणार आहोत.